वस्तीचं विमान

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, नवं विमान सुरू झालं की बेळगावच्या पेपरांत पहिल्या पानावर फोटो येतो. बंबाच्या पाण्याची कमान, कापलेला केक, पहिल्या प्रवाशाच्या हातात गुलाबाचं फूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं उभी असलेली नेतेमंडळी. तेच विमान बंद होतं तेव्हा बातमी आतल्या पानावर जाते, चार ओळींत, एखाद्या शिकवणीच्या जाहिरातीखाली. मग दोन-तीन दिवस वाचकांची पत्रं येतात, कुणीतरी निवेदन देतं, बेळगाववर अन्याय झाल्याचं सगळे म्हणतात, आणि विषय मिटतो. पुढच्या केकपर्यंत.

मी शहापुरात राहतो आणि उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. त्यामुळं विमानतळाविषयीची माझी मतं विमानाच्या खिडकीपेक्षा लोकांच्या प्रवासखर्चाच्या पावत्यांतून तयार झालीत. माझ्या मामांचंच घ्या. मामांचं मशिनशॉप आहे, हायड्रॉलिक पंपाचे सुटे भाग काढतात. गिऱ्हाईक निम्मं भोसरी-चाकणकडं, निम्मं बेंगळूरला पीनियात. वर्षअखेरीला त्यांची फाईल माझ्या टेबलावर येते तेव्हा त्यात राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं असतात, रात्रीच्या स्लीपर बसच्या पावत्या असतात, टोलच्या पावत्यांची तर गड्डीच असते. विमानाचं तिकीट शोधावं लागतं. पैशाचा प्रश्न नाही, मामांनी परवा चौथं सीएनसी मशिन घेतलं. एकदा मी विचारलंच.

"विमान हाय की," मामा म्हणाले, "पण ते सुटतंय दुपारी. सकाळी दहाला पीनियात मीटिंग असली तर मी काय आदल्या दिवशी जाऊन हॉटेलात लोळत पडू? त्यापेक्षा बशीत झोपतो. हॉटेलचं भाडं वाचतंय, दिवसही मोडत न्हाई."

सांबऱ्याचा विमानतळ मागं का पडतो, याचं तयार उत्तर बेळगावात प्रत्येकाकडं असतं. कुणी बेंगळूरच्या सरकारला बोल लावतं, कुणी हुबळीला, कुणी आपल्याच पुढाऱ्यांना. मला मामांचं उत्तर त्या सगळ्यांपेक्षा नेमकं वाटतं. विमान कुठं जातं याच्यावर आपण गेली कित्येक वर्षं भांडतोय. ते किती वाजता जातं, हे कुणी विचारत नाही.

धावपट्टी काही आजची नव्हे. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलानं ती बांधली. कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी तेवढी तिच्याहून तीन वर्षांनी वडील, १९३९ ची, राजाराम महाराजांच्या काळातली. स्वातंत्र्यानंतर सांबऱ्याला हवाई दल राहिलं, आजही तिथं नव्या भरतीच्या पोरांना शिकवतात. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या मुक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा बांबोळीचं पोर्तुगिजांचं वायरलेस केंद्र उडवायला हंटर विमानं सांबऱ्याहूनच उठली होती. आणि आज त्याच बांबोळीवरून पुढं दाभोळीला विमान पकडायला बेळगावची माणसं पहाटे तीनला चोर्ला घाटातली वळणं घेत, खिडकीतून ओकाऱ्या काढत जातात. इतिहासाला विनोदाचं अंग असतं, ते असं.

मधली वर्षं भरभर सोडून देतो, कारण त्यांत सांगण्यासारखं थोडंच आहे. विमान यायचं, बंद पडायचं, परत यायचं. खरी गोष्ट सुरू होते २०१७ पासून. धावपट्टी १,८३० मीटरवरून २,३०० मीटर झाली. त्यासाठी आजूबाजूच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. एअरबस आणि बोइंगची मोठी विमानं उतरतील एवढी लांबी आली. १४ सप्टेंबर २०१७ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, केंद्रीय मंत्री अशोक गजपती राजू आले होते. त्या वेळी स्पाइसजेटची विमानं इथून चालू होती, बरी भरतही होती. सगळ्यांना वाटलं, आता बेळगावचं नशीब उघडलं.

आठ महिन्यांनी, २०१८ च्या मे महिन्यात, ती विमानं हुबळीला गेली.

हे कसं झालं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कुणाचा कट नव्हता, एका नियमाची करामत होती. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये उडान योजना आणली. छोट्या गावांना विमान जावं म्हणून कंपनीला तीन वर्षं तूट भरून द्यायची, बदल्यात कंपनीनं निम्म्या जागा ठरलेल्या कमाल भाड्यात विकायच्या, तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार रुपये. तुटीचे पैसे मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून, आणि त्यातला पाचवा हिस्सा राज्य सरकारकडून. तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नाही. योजना चांगली. पण तिच्यात बसायला विमानतळ उपाशी असावा लागे: एकतर विमान अजिबात नाही, नाहीतर आठवड्याला फार तर सात फेऱ्या. बेळगावला विमानं होती, म्हणून योजनेच्या पहिल्या दोन फेऱ्यांत बेळगाव बसलं नाही. हुबळी बसलं. ज्याच्या ताटात अर्धी भाकरी होती त्याला पंगतीतून उठवलं, आणि मग ती अर्धी भाकरीही शेजारच्या पंगतीला गेली. विमानं गेल्यावर बेळगाव रीतसर उपाशी ठरलं आणि २०१९ च्या जानेवारीत उडानच्या तिसऱ्या फेरीत त्याचं नाव लागलं.

बेळगावात हुबळीवर राग तेव्हापासूनचा. पण कंपनीच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? शंभर किलोमीटरवर तशीच धावपट्टी, तसंच नवं टर्मिनल, आणि वर तीन वर्षं तूट भरून मिळणार. माझ्या गिऱ्हाइकांतल्या कुणीही डोळे झाकून हुबळीच निवडली असती, आणि हिशेब लिहिणारा म्हणून मीही तोच सल्ला दिला असता.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं म्हणजे सांबऱ्याचा सुगीचा काळ. स्टार एअर आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची कंपनी, पन्नास जागांची एम्ब्रेअर विमानं. अहमदाबाद, इंदूर, सुरत, किशनगड, जोधपूर, तिरुपती, नाशिक, नागपूर, मुंबई. ट्रूजेटनं म्हैसूर जोडलं. पेपरात नकाशे छापून यायचे, बेळगावातून सगळ्या दिशांना बाण. गल्लीतली माणसं एकमेकांना विचारायची, "किशनगड म्हणजे कुठं रे?" राजस्थानातले मारवाडी व्यापारी बेळगावात पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. बाकीच्यांना तो आनंद निव्वळ नकाशाचा होता. त्या आनंदात खोट काढायचं कारण नाही. सीमाभागातल्या माणसाला आपलं गाव कुठल्यातरी नकाशाच्या मधोमध दिसलं की बरं वाटतं, एरवी ते कायम कडेला असतं.

त्या दिवसांत मी आईला नाशिकला घेऊन गेलो, त्र्यंबकेश्वरासाठी. त्या विमानात एका बाजूला दोन जागा आणि दुसऱ्या बाजूला एकच, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. आईला एकटीची जागा मिळाली. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली, पदर खोचला, आणि समोरच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड लग्नपत्रिका वाचावी तसं दोन्ही बाजूंनी वाचून काढलं. सांबऱ्याच्या काउंटरवर कुंद्याचा पुडा आम्ही मोठ्या बॅगेत टाकला होता. बॅगेला बेळगावची तीन अक्षरांची पट्टी लागली, आयएक्सजी. आई म्हणाली, "ह्यात बेळगाव कुठं आहे?" विमान उठल्यावर खाली मार्कंडेयच्या काठचा हिरवा पट्टा दिसला, मग ऊस, मग ढग. तासाभरात ओझर, नाशिकचा विमानतळ. दर्शन सकाळीच उरकलं, दुसऱ्या दिवशी परतता आलं असतं. पण विमान आठवड्यातून ठरावीक वारीच होतं. मग एका नातेवाइकाकडं मुक्काम वाढवला, त्यांच्याकडंही पाहुण्यांची सोय नव्हती, आणि आई शेवटच्या दिवशी म्हणाली, "येताना बशीनं आलो असतो तर परवाच घरी पोचलो असतो की."

तिथंच मुद्दा आहे. आठवड्यातून तीनदा जाणारं विमान माणसाच्या कामाशी जुळत नाही, माणसाला आपलं काम विमानाशी जुळवावं लागतं. देवदर्शनाला ते चालतं. धंद्याला, दवाखान्याला, परीक्षेला, कोर्टाच्या तारखेला चालत नाही. आणि विमान भरतं ते नेमकं या माणसांनी. देवदर्शनाला माणूस वर्षातून एकदा जातो.

तीन वर्षं संपली, तूट भरून मिळणं थांबलं, आणि त्या नकाशावरचे बरेचसे बाण एकेक करून पुसले गेले. ट्रूजेट तर २०२२ मध्ये कंपनी म्हणूनच थांबली. हे फक्त आमचं दुखणं नाही. भारताच्या महालेखापालांनी २०२३ च्या अहवालात उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडलाय, आणि तो वाचताना माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला घाम फुटतो. दिलेले मार्ग ७७४. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ५४. शंभर मार्गांमागं सात. बेळगावचे काही मार्ग तग धरून राहिले हे खरं तर कौतुकाचं, पण पेपरात असं कुणी लिहीत नाही.

आता मामांच्या वेळेकडं येतो.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात. तिथं संध्याकाळची शेवटची बस यायची ती परत जायची नाही. देवळापुढं उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात अंथरूण टाकायचे, कुणाच्यातरी घरून भाकरी-आमटी यायची. पहाटे सहाला तीच गाडी दूधवाले, कॉलेजची पोरं, बाजाराच्या पाट्या आणि दवाखान्याची माणसं भरून बेळगावला निघायची आणि संध्याकाळी त्यांना परत आणून सोडायची. वस्तीची गाडी. ज्या गावाला वस्तीची गाडी होती त्या गावची पोरं शिकली, ज्या गावाला नव्हती तिथं सकाळी दहाला बेळगावहून निघालेली गाडी बाराला पोचायची आणि लगेच मागं फिरायची. तीत बसून बेळगावला पोचेपर्यंत कचेऱ्या जेवायला उठलेल्या. दोन्ही गावांना 'बससेवा' होती, सरकारी कागदावर दोघांत काही फरक नव्हता.

सांबऱ्याचं दुखणं याच जातीचं आहे. विमानं राहतात बेंगळूरला, हैदराबादला, मुंबईला, दिल्लीला. पायलट तिथं राहतात, दुरुस्तीचे इंजिनिअर तिथं, सुटे भाग तिथं. सकाळची पहिली फेरी कंपनी सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्या मार्गावर लावते, कारण सकाळी सहा-सातचं तिकीट महाग विकलं जातं. ती फेरी मारून विमान मोकळं झालं की दुसरी-तिसरी फेरी आमच्यासारख्यांना. म्हणजे विमान आमच्याकडं यायला अकरा, बारा, दोन. अर्धा-पाऊण तास थांबून परत. बेंगळूरच्या माणसाला ते बेळगावला यायला सोयीचं असेलही. बेळगावच्या माणसाचा मात्र जाताना एक दिवस मोडतो आणि येताना एक.

शेजारी रेल्वेनं काय केलंय बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूर-बेळगाव वंदे भारत सुरू झाली. ती रात्री बेळगावला येते, इथंच थांबते, पहाटे निघते आणि दुपारी बेंगळूरला. साडेआठ तास लागतात, विमानाच्या कितीतरी पट, तरी तिची वेळ आमच्या घड्याळाला धरून आहे. गाडी वस्तीला इथं असली की निघायची वेळ इथली माणसं ठरवतात. रात्रीच्या स्लीपर बसचंही तेच. जेवून दहाला बसायचं, सकाळी बेंगळूरच्या नाहीतर पुण्याच्या चौकात दात घासायचे. पुणे तर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर, त्याला विमान लावणं मला कधीच पटलेलं नाही. सांबऱ्याला तासभर आधी जायचं, पलीकडं लोहगावातून बाहेर पडून भोसरी गाठायची, तेवढ्यात मोटार खंबाटकी ओलांडून पुढं गेलेली असते.

वस्तीचं विमान मागणं सोपं, मिळणं अवघड, हे मलाही कळतं. विमान रात्री ठेवायचं तर विमानतळ रात्री उशिरापर्यंत आणि पहाटे लवकर उघडा लागतो. म्हणजे नियंत्रण मनोऱ्यातली माणसं, बंबावरची माणसं, सुरक्षेची माणसं, सगळ्यांच्या पाळ्या वाढल्या. विमान उभं करायला जागा हवी, रात्री तपासणीला इंजिनिअर हवा, पायलट आणि हवाई सुंदऱ्यांना हॉटेल हवं. आणि आमचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात सकाळी ढग इतके खाली येतात की किल्ल्याचा खंदक रस्त्यावरून दिसत नाही. ठरलेल्या उंचीवर येईपर्यंत पायलटला धावपट्टी दिसली नाही तर तो उतरत नाही, दुसरीकडं वळतो. उठायला त्या मानानं कमी दिसलं तरी चालतं, म्हणजे पावसाळ्यातही वस्तीच्या विमानाचंच जमेल, बाहेरून सकाळी येणाऱ्याचं फसेल. हा हिशेब एखाद्या कंपनीच्या टेबलावर कुणी नीट मांडून दाखवलाय का, ते निवेदनं देणाऱ्यांना विचारावंसं वाटतं.

मागणी कुठून आणायची, असं विचारणाऱ्यांना मी उद्यमबागेत फिरवून आणीन. ओतकाम, यंत्रभाग, हायड्रॉलिक्स. हत्तरगीच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, तर एअरबस आणि बोइंगसाठी विमानाचे भाग तयार होतात, तेही बेळगाव जिल्ह्यातच, राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला. केएलईचं इस्पितळ आणि वैद्यकीय महाविद्यालय, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, कमांडो स्कूल. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोनं दिल्लीचं विमान सुरू केलं त्यात एका रांगेत लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि खाणीचा धंदा करणारे असे शेजारी शेजारी बसलेले मी पाहिलेत. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं तेव्हा तर आमदार, सचिव, त्यांचे स्वीय सहायक आणि आंदोलनांना येणारे पुढारी, सगळ्यांनाच एकदम बेळगाव आठवतं आणि तिकिटांचे भाव डोक्यावरून जातात. अधिवेशन संपलं की विमानतळाचे प्रश्नही त्यांच्या बॅगांबरोबर बेंगळूरला जातात.

मागणी आहे, पण ती वाटली गेलीय. पश्चिमेला घाटाखाली गोव्यातलं दाभोळी, २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेलं तिथलंच मोपा, सिंधुदुर्गात चिपी. उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला हुबळी. सगळी शंभर ते दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात. निपाणी-चिकोडीचा माणूस कोल्हापुरात चढतो, कित्तूर-बैलहोंगलचा हुबळीला, आणि परदेशी जाणारा गोव्याला. चंदगडचा माणूस तर महाराष्ट्रात राहतो, बाजार-दवाखान्याला बेळगावात येतो आणि विमानाला गोव्यात जातो. कुठल्या विमानतळाचा प्रवासी कोण, याची रेघ राज्याच्या रेघेवरून जात नाही. मोठ्या विमानात १८० जागा. त्या रोज भरायच्या तर कोल्हापूर आणि बेळगावनं एकमेकांचे प्रवासी पळवून चालणार नाही. म्हणून मला लहान विमान पटतं. सत्तर-पंचाहत्तर जागांचं एटीआर. ऐंशीपेक्षा कमी जागांच्या विमानाला केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळावर उतरायचं भाडं माफ असतं आणि चाळीस टनांच्या आतल्या विमानाच्या इंधनावर विक्रीकरही कमी. धावपट्टीवर १८० जागांचं विमान उभं दिसलं की गावाला प्रतिष्ठा वाटते, पण दिवसाला एक मोठं येण्यापेक्षा सकाळी एक आणि संध्याकाळी एक लहान आलं तर मामांची फाईल बदलेल.

मुंबईचं कोडं वेगळं. आमच्या माणसाचं निम्मं गणगोत मुंबईत, गिरणीच्या काळापासून. भाषा तिकडची, पेपर तिकडचे, लग्नं तिकडं. पण मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालवता येते, आणि तिथला सकाळचा मिनिटा-मिनिटाचा स्लॉट, म्हणजे विमानाला उतरा-उठायला नेमून दिलेली वेळ, सोन्याच्या भावाचा. तो पन्नास-सत्तर जागांच्या विमानाला कोण देणार? त्यामुळं सकाळी मुंबई आणि संध्याकाळी परत, हे बेळगावकराच्या वाट्याला येणं कठीण. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला, तिथं निदान जागा तरी आहे. आमच्यातल्या कितीतरी जणांची पोरं आता पनवेल-खारघरलाच घरं घेतात, त्यांना तो जवळचाच.

आणि एक अडचण, जी बोलून दाखवताना इथं सगळे आवाज कमी करतात. बेळगावच्या विमानाला मदत द्यायची तर ती कर्नाटक सरकारनं. बेंगळूरच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला बेळगावचा माणूस बेंगळूरला यावा हे समजतं. त्यानं रोज मुंबईला जावं यासाठी तिजोरी का उघडायची, हे त्याला पटवणं अवघड. मुंबईतल्या मंत्र्याला बेळगाव भाषणापुरतं हवं असतं, पण दुसऱ्या राज्यातल्या विमानाला पैसे देण्याची तरतूद त्याच्याही कागदात नसते. सीमावादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तोपर्यंत माणसं फोंडाघाट, आंबोली, चोर्ला असे घाट मोजत फिरतायत. कन्नड बोलणारे व्यापारीही त्याच विमानाची वाट बघतात, हे विसरायला नको. एपीएमसीतल्या माझ्या एका कन्नड गिऱ्हाइकाची तक्रार मामांच्या तक्रारीहून शब्दानंही वेगळी नाही.

१० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी एकाच कार्यक्रमात कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन केलं आणि बेळगाव-हुबळीच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी केली. म्हणजे २०१७ ची इमारत आम्हाला पुरेनाशी झाली, असं सरकारलाच वाटतं. चांगलं आहे. नवी इमारत झाली की बसायला जास्त खुर्च्या येतील, चढा-उतरायला सोय होईल, चहा महाग होईल. पण इमारत आणि विमान यांचा संबंध २०१७ ला आम्ही जवळून पाहिलाय. माझा जीव वेळापत्रकात अडकलाय. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. निवेदनं द्यायचीच असतील तर त्याच्या पाच-सहा महिने आधी द्यावीत, आणि शहरांची यादी न देता दोन वेळा लिहाव्यात. सकाळी सातच्या आत सुटणारं, रात्री नऊच्या आसपास येणारं, रोज, वर्षभर तेच. माणसाला सवय लागायला वर्ष लागतं. आमच्याकडं एक वेळापत्रक वर्षभर टिकत नाही, आणि मग सांगतात की विमान भरत नव्हतं.

माझ्या आत्याचा मुलगा सांबऱ्यात राहतो. विस्तारीकरणात त्याच्या वडिलांची जमीन गेली, आलेल्या पैशातून त्यानं टॅक्सी घेतली, पिवळ्या पाटीची. विमानतळाच्या दारात त्याचा नंबर लागतो. कुठलं विमान किती भरलंय हे कंपनीच्या आधी त्याला कळतं, बाहेर पडणाऱ्या बॅगा मोजून. दुपारच्या विमानाला म्हणे बॅगा मोठ्या असतात, लग्नाच्या, परदेशी पोरांच्या, सुट्टीच्या. सकाळी कधी एखादं लवकर आलं तर माणसं नुसती लॅपटॉपची पिशवी घेऊन उतरतात, घाईत असतात, आणि भाडं ठरवत बसत नाहीत. हा त्यानं स्वतः काढलेला निष्कर्ष. मी त्याला वस्तीच्या विमानाचं सगळं समजावून सांगितलं, पहाटे सहाला सुटणारं, मामांसारख्यांसाठी. तो स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता.

"म्हंजे मला साडेतीनला उठून टिळकवाडीपासनं गिऱ्हाइकं गोळा करत यायला लागणार," तो म्हणाला. "होऊ दे की दादा. पण पहाटेचं भाडं दीडपट घेणार, आत्ताच सांगून ठेवतो. आनि मामांना उधार न्हाई."